साल्हेरच्या रणापासून ‘शिवकल्याण राजा’पर्यंत

बागलाणच्या पश्चिम कडेला, डांगच्या जंगलाला लागून साल्हेरचा डोंगर उभा आहे. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल उंच शिखर हेच आणि किल्ल्यांमध्ये तर सर्वांत उंच. आरम नदीकाठच्या सटाण्याहून ताहाराबाद, मुल्हेर करत मोसम खोऱ्याने वर गेले की साल्हेर आणि त्याच्या शेजारचा सालोटा दिसू लागतात. या डोंगराच्या पायथ्याशी फेब्रुवारी १६७२ मध्ये मराठे आणि मोगल यांच्यात उघड्या मैदानावर मोठी लढाई झाली. ती जिंकणाऱ्या दोन सेनानींपैकी एक, सरनोबत प्रतापराव गुजर, पुढे दोनच वर्षांनी नेसरीच्या खिंडीत पडले. त्या मरणावर नाशिकच्या कवीने कविता लिहिली आणि १९७४ मध्ये ती ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत आली. युद्धाचा इतिहास एका सूत्रात ओवून, निवेदनाची जोड देऊन सलग ऐकण्यासाठी केलेली ही मराठीतली सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका. रणापासून तबकडीपर्यंतचा तिचा प्रवास तीनशे वर्षांचा आहे.

बागलाणवर बागूल राजांचे राज्य होते. त्यांची राजधानी मुल्हेर, संस्कृतात मयूरगिरी. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग याच मुलखातून जात असल्यामुळे जो दख्खनेत राज्य करू पाहील, त्याला बागलाण हवेच असे. युद्धाला काव्यात बसवण्याची रीतही इथे जुनी आहे. राजा नारायणशहाच्या आज्ञेवरून रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्यम्’ हे वीस सर्गांचे संस्कृत काव्य रचले आणि त्यात या घराण्याच्या लढाया गायिल्या. ते दरबाराचे काव्य होते. ऐकणारे पंडित आणि राजे. पुढे चाळीस-बेचाळीस वर्षांतच, १६३८ मध्ये, दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने मुल्हेर घेतले आणि बागलाण मोगल साम्राज्यात गेले.

शिवाजी महाराजांचे लक्ष या मुलखाकडे वळले ते सुरतेमुळे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून मराठे बागलाणातूनच परतले. वाटेत वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशीने त्यांना गाठले आणि १७ ऑक्टोबरला तिथे मोठी चकमक झाली. मोगलांना मागे रेटून मराठ्यांनी लूट सुखरूप स्वराज्यात पोहोचवली. लगेच जानेवारी १६७१ मध्ये मराठ्यांनी साल्हेर घेतला. सुरत आणि बुऱ्हाणपूर यांच्यामधल्या वाटेवर महाराजांचे ठाणे बसले, ही गोष्ट मोगलांना सहन होणारी नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस बहादूरखान आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन उतरले. साल्हेरला वेढा पडला आणि वेढ्याचे काम इखलासखानाकडे सोपवण्यात आले.

वेढा मोडायचा तर किल्ल्यावरच्या शिबंदीच्या भरवशावर बसून चालणार नव्हते. महाराजांनी दोन फौजा दोन बाजूंनी पाठवल्या. प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन वरघाटाने आले. पेशवे मोरोपंत पिंगळे कोकणातून पायदळासह चढले. मोगल फौज मधे सापडली. सह्याद्रीतल्या लढाया खिंडी अडवून, रात्री छापे घालून किंवा किल्ल्याच्या तटाआडून होत. साल्हेरला तसे झाले नाही. दोन्ही सैन्ये मोकळ्या जागेत समोरासमोर भिडली. तोफा, जंबुरे, हत्ती आणि घोडदळ यांच्या बळावर मोगल ज्या प्रकारची लढाई जिंकत आले होते, नेमकी तीच लढाई मराठ्यांनी या वेळी पत्करली आणि जिंकली. साल्हेरचे खरे महत्त्व इथे आहे.

लढाईचे सर्वांत जिवंत वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सापडते. ही बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत, १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. साल्हेर आणि जिंजी हे दोन्ही किल्ले २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये आहेत. एकावर घटना घडली आणि दुसऱ्यावर ती लिहिली गेली. सभासद सांगतो की युद्ध चार प्रहर चालले. धुरळा इतका उडाला की तीन कोसांच्या परिसरात आपला कोण आणि परका कोण हे कळेना. दोन्ही बाजूंची दहा हजार माणसे पडली आणि रक्ताचे चिखल झाले. लुटीत सवाशे हत्ती, सहा हजार घोडे आणि तितकेच उंट मिळाले. आकडे बखरीचे आहेत, तेव्हा ते हिशेबनीसाच्या वहीतल्यासारखे घेऊ नयेत. पण वर्णन वाचले की लढाई केवढी मोठी होती याची कल्पना येते. मोगलांकडचा अमरसिंह चंद्रावत रणात पडला. त्याचा मुलगा मोहकमसिंह आणि स्वतः इखलासखान कैद झाले आणि पुढे त्यांना सोडून देण्यात आले. मराठ्यांकडचा मोठा मोहरा हरपला तो म्हणजे सूर्यराव काकडे. जंबुऱ्याचा गोळा लागून ते पडले. सभासद त्यांची तुलना महाभारतातल्या कर्णाशी करतो. एवढा मान तो फार थोड्यांना देतो.

लढाईच्या पाठोपाठच तिचे काव्यही झाले. उत्तरेतून आलेला कवी भूषण याने ‘शिवराजभूषण’ हा ग्रंथ १६७३ मध्ये पूर्ण केला. ग्रंथ अलंकारशास्त्राचा आणि भाषा ब्रज. प्रत्येक अलंकाराचे लक्षण सांगायचे आणि त्याला उदाहरण म्हणून महाराजांच्या पराक्रमाचे कवित्त द्यायचे, अशी त्याची रचना आहे. त्यात साल्हेरचा उल्लेख येतो, आणि तो रणाची बातमी ताजी असतानाचा. रुद्रकवीप्रमाणे भूषणही दरबाराचाच कवी. पण त्याचे कवित्त पाठ करून खड्या आवाजात म्हणण्याजोगे असल्यामुळे ते दरबाराबाहेर पडले आणि टिकले.

प्रतापरावांची पुढची कथा दुःखाची आहे. मूळ नाव कुडतोजी, साताऱ्याकडच्या भोसरे गावचे. १६७३ मध्ये उमराणीजवळ त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला पाणी तोडून कोंडीत पकडले आणि तो शरण आल्यावर जाऊ दिले. महाराजांना ते रुचले नाही. त्यांनी सरनोबताला कडक शब्दांत विचारणा केली. सुटलेला बहलोलखान पुन्हा चालून आला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, गडहिंग्लजजवळ नेसरीला, प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी त्याच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. इंग्रजांच्या वतीने रायगडाकडे जा-ये करणाऱ्या नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ च्या पत्रात मुंबईला कळवले की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सेनापती सहा घोडेस्वारांसह पडला, बाकीचे सैन्य मदतीला पोहोचले नाही. सेनापती आणि सहा स्वार, म्हणजे सात. एका व्यवहारी पत्रातला हा आकडा पुढे कवितेचा कणा झाला. साडेतीन महिन्यांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला.

मराठी मुलखात युद्ध लोकांपर्यंत पोहोचले ते पोवाड्यातून. पोवाडा गाणारे मूळचे गोंधळी. पुढे शाहीर उभा राहतो तो हातात डफ घेऊन; बाजूला तुणतुण्यावर एकजण आणि मागे सूर धरणारे झीलकरी. शाहीर कथा चौकाचौकाने पुढे नेतो. एका चौकात खलिता येतो, दुसऱ्यात वीर आईचा निरोप घेतो, तिसऱ्यात तलवार चालते. झीलकऱ्यांचे ‘जी जी’ प्रत्येक कडव्याला टेकू देते आणि मधे शाहीर गाणे थांबवून चार वाक्ये बोलतो, प्रसंग समजावतो. गाणे आणि निवेदन यांची ही वीण नीट ध्यानात ठेवायला हवी, कारण तीनशे वर्षांनी ध्वनिमुद्रिकेत तीच वापरली गेली. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा हे या परंपरेचे शिवकालीन स्तंभ. पेशवाईत खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईवर संगमनेरच्या अनंतफंदीसह अनेकांनी पोवाडे रचले.

मराठ्यांचे राज्य गेल्यावर पोवाड्याचा आश्रयदाता गेला, तरी ऐकणारा गेला नाही. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यात राजा शूद्रातिशूद्रांचा, कुणबी-कुळवाड्यांचा म्हणून उभा केला. जुन्या युद्धांची कथा सांगत आजच्या समाजाशी भांडण मांडायचे, हा मार्ग मराठीत त्यांनी ठळक केला. १८९१ मध्ये हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गावोगावच्या गायकांकडून पोवाडे मिळवून छापले. तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरली, आणि ती वेळेवर उतरली. आणखी पिढीभर उशीर झाला असता, तर त्यातले पुष्कळ कायमचे हरवले असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यात हेच गाणे इंग्रज सरकारच्या डोळ्यांवर आले. मित्रमेळा आणि नंतर अभिनव भारत या क्रांतिकारक मंडळींच्या बैठकांतून ऐतिहासिक पोवाडे म्हटले जात. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी सिंहगडावर आणि बाजीप्रभूंवर पोवाडे रचले. ते जप्त झाले. नाशिकचे कवी गोविंद यांच्या कविता छापल्याबद्दल विनायकरावांचे थोरले बंधू बाबाराव सावरकर यांच्यावर खटला चालला आणि १९०९ च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांमध्ये बोलणे देवांचे, पुराणांचे आणि शिवकालाचे होते. अर्थ चालू राज्याचा आहे, असे न्यायालयाने धरले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. असे गाणे छापल्याबद्दल माणसाला अंदमानला धाडावे, इतकी धास्ती सरकारला त्या गाण्याची वाटत होती. पोवाड्याच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

अशा वातावरणाच्या नाशिकमध्ये वि. वा. शिरवाडकर वाढले. जन्म १९१२ चा, बालपण पिंपळगाव बसवंतला, शिक्षण नाशिकला. काळाराम मंदिर सत्याग्रहात ते विद्यार्थिदशेत सामील झाले होते. ‘विशाखा’ १९४२ मध्ये आला आणि कुसुमाग्रज हे नाव महाराष्ट्रभर झाले. शिवकालातल्या दोन प्रसंगांवर त्यांनी कविता लिहिल्या: पावनखिंड आणि नेसरी. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभू देशपांड्यांनी खिंड लढवली, ती विशाळगडावरून तोफेचा आवाज येईपर्यंत. कवितेत तलवारीचा खणखणाट कमी आणि घायाळ वीराचे रण सरण्याची वाट पाहणे जास्त आहे. नेसरीच्या कवितेचा बाज उलटा. तिथे थांबणे नाही, विचार करणे नाही. ओळीओळीत घोडा फेकलेला आहे. तिथे स्वार जिंकायला निघालेलेच नाहीत, हे वाचकाला पहिल्यापासून उमगते. कुसुमाग्रजांनी प्रतापरावांची चूकही झाकली नाही आणि त्यांचे शौर्यही. म्हणून ती कविता नुसत्या गौरवाच्या पुढे जाते.

‘विशाखा’ आला त्याच दशकात मुंबईच्या कामगारवस्तीत पोवाड्याने वेगळे वळण घेतले. वाटेगावहून आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ लिहिला. व्होल्गाकाठची ती लढाई २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन सैन्याच्या शरणागतीने संपली होती. डफ-तुणतुणे तेच, झीलकरी तेच. पण रण रशियातले आणि ऐकणारा गिरणीतला पाळी सुटलेला माणूस. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. साधी वाद्ये, उघडा रस्ता, चढा आवाज आणि सत्तेशी उघड वैर या चार गोष्टींवर ते चालले, आणि पुढे त्याच्या कार्यक्रमांवर सरकारी बंदीही आली. पश्चिमेकडे १९७० च्या दशकात बेकार तरुणांच्या पंक रॉकने जे केले, त्याचे मराठी सोयरे शोधायचे तर ते इथेच सापडतात.

१९७४ मध्ये राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने हृदयनाथ मंगेशकर यांनी ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका संगीतबद्ध केली. गायिका लता मंगेशकर, निवेदक बाबासाहेब पुरंदरे. मंगेशकरांच्या घरात हे बीज आधीपासून होते. वडील दीनानाथ यांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आणले होते. हृदयनाथांनी केले ते धाडस असे की नवीन गीते लिहवून घेण्यापेक्षा तीनशे वर्षांतले कवी एका तबकडीवर एकत्र बसवले. समर्थ रामदासांच्या समकालीन रचना, भूषणाचे ब्रज कवित्त मूळ भाषेत जसेच्या तसे, गोविंदाग्रजांची जिजाऊच्या तोंडची अंगाई, सावरकरांची स्तवने, कुसुमाग्रजांच्या दोन्ही कविता आणि शंकर वैद्य यांचे गीत. सतराव्या शतकातला रामदास आणि विसाव्या शतकातला कुसुमाग्रज शेजारी शेजारी ऐकू येतात आणि कुठे सांधा जाणवत नाही, कारण मधे पुरंदऱ्यांचा आवाज आहे. ते प्रसंग उभा करतात, तारखेचे, गडाचे, माणसाचे नाव घेतात आणि श्रोत्याला गाण्याच्या दारात आणून सोडतात. शाहीर चौकाचौकांमध्ये जे बोलत असे, तेच हे काम.

लता मंगेशकरांचा आवाज हा या रचनेतला दुसरा निर्णय. वीररस म्हटला की पुरुषाचा पहाडी आवाज, ही पोवाड्याची सवय. इथे रणाची गाणी स्त्रीच्या आवाजात आली आणि त्यामुळे पावनखिंडीतले गाणे लढणाऱ्याचे राहूनही वाट पाहणाऱ्याचे झाले. अंगाई आणि रणगीत एकाच गळ्यातून ऐकताना जिने मूल जोजवले तीच त्याचे मरण सांगते आहे, असा अर्थ न सांगता उमटतो. जुन्या पोवाड्यांना ही जागा कधी सापडली नव्हती.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. रणाचा प्रसंग म्हणून ध्वनिमुद्रिकेत जे दोन मोठे क्षण येतात, ते दोन्ही पडणाऱ्यांचे आहेत. प्रतापराव तिथे आहेत ते नेसरीचे. साल्हेरचे प्रतापराव नाहीत. ज्या दिवशी त्यांनी मोरोपंतांशी मेळ साधून, दोन घाटांतून दोन फौजा वेळेवर आणून मोगलांची निवडक सेना मोडली, तो दिवस बखरीत आणि भूषणाच्या कवित्तातच राहिला. कुमक, चारा, वाटांची टेहळणी, दोन सैन्यांची गाठ यांनी जिंकलेल्या लढाईला चाल लावणे अवघड असते; एका उडीत संपणाऱ्या आयुष्याला ती सहज लागते. याचा परिणाम असा झाला की घरोघरी नेसरीचे सात स्वार ठाऊक आहेत, आणि साल्हेरच्या मैदानावर पडलेल्या सूर्यराव काकड्यांचे नाव बागलाणाबाहेर सांगावे लागते. सेनापती म्हणून प्रतापरावांची थोरवी मोजायची असेल, तर ती साल्हेरवर मोजली पाहिजे. तसे न करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

युद्ध आणि सलग ध्वनिमुद्रिका यांची गाठ पुढे इतरत्रही पडली. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या टायटस अँड्रॉनिकस या पंक रॉक बँडने ‘द मॉनिटर’ हा अल्बम २०१० मध्ये काढला. विषय अमेरिकन यादवी युद्ध. नाव उत्तरेच्या लोखंडी चिलखती जहाजाचे. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या पाण्यात ‘मॉनिटर’ आणि दक्षिणेचे ‘व्हर्जिनिया’ काही तास एकमेकांवर गोळे झाडत राहिली आणि कोणीच बुडाले नाही. शेवटचे गाणे त्या लढाईच्या नावाचे, चौदा मिनिटांचे. गाण्यांच्या आगेमागे लिंकन आणि वॉल्ट व्हिटमन यांचे उतारे वाचले जातात. जुने शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांच्या आधाराने नवे गाणे उभे करणे, ही युक्ती हृदयनाथांनी छत्तीस वर्षे आधी वापरली होती; दोन्हीकडे ती एकमेकांचा पत्ता नसताना सुचली. फरक हेतूचा आहे. गायक पॅट्रिक स्टिकल्स यादवी युद्धाची भाषा घेतो ती गाव सोडून बॉस्टनला गेलेल्या एका तरुणाची उलघाल सांगण्यासाठी. रणांगण त्याच्या मनात आहे. मराठी ध्वनिमुद्रिका एका माणसाच्या मनाविषयी बोलत नाही. ती शाहिरासारखी जमावासमोर उभी राहते आणि जमावाच्या वतीने आठवते. म्हणूनच तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि आता मोबाइलवर गेली, तरी शिवजयंतीला ती चौकातल्या कर्ण्यावरच वाजते.